टाच टेकत नाही, पण का?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण, थोडं वाढवून)



गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मला रोह्याकडच्या एका ताईंचा फोन आला. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. चवड्यांवर चालतो, टाच जमिनीला टेकत नाही आणि हल्ली सारखा पडतो. जवळच्या गावात शिबिर झालं होतं. तिथे सांगितलं, टाचेमागची नस आखडली आहे, ऑपरेशन करून सैल करू, खर्च काही नाही, येत्या गुरुवारी उपाशीपोटी घेऊन या. ताईंनी विचारलं, "करून टाकू ना हो? एकदा लावणी सुरू झाली की घरातून कुणाला निघता येणार नाही."

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ऑपरेशन करणारी नाही. तरी गेली कितीतरी वर्षं अशा मुलांचे पाय हातात घेते आहे. मी त्यांना लगेच हो म्हटलं नाही, नकोही म्हटलं नाही. उलट मीच प्रश्न विचारायला लागले. आजचं बोलणं त्या प्रश्नांबद्दल आहे. ताईंनी सांगायला परवानगी दिली आहे. नाव-गाव सांगत नाही, एखाद-दुसरा तपशीलही बदलला आहे.

आधी ती "नस" म्हणजे काय ते बघू. पोटरीचा स्नायू खाली येत येत जाड दोरीसारखा होतो आणि टाचेच्या हाडाला चिकटतो. बोटांनी चिमटीत धरता येते ती दोरी. आपण तिला नस म्हणतो, डॉक्टर कंडरा म्हणतात. ही आखडली की टाच वर ओढली जाते. इथपर्यंत शिबिरातलं म्हणणं बरोबरच होतं. पण ती आखडली कशामुळे, हे कुणी विचारलं नव्हतं.

घरात दिवा लागत नाही असं समजा. बल्ब गेला असेल. किंवा वायर कुरतडली असेल. किंवा घरातलं सगळं ठीक असून बाहेर डीपीवरच बिघाड असेल. अंधार तिन्ही वेळा सारखाच. चालण्याचंही तसंच आहे. मेंदू हुकूम देतो, पाठीच्या कण्यातून आणि नसांमधून, म्हणजे खऱ्या नसांमधून, तो खाली जातो आणि स्नायू काम करतो. मेंदूत इजा झाली तर तो सेरेब्रल पाल्सी, म्हणजे सीपी. कण्यातल्या पेशी गेल्या तर पोलिओ, किंवा जन्मजात दोषाने होणारा एसएमए. स्नायूच आतून झिजत असेल तर मस्क्युलर डिस्ट्रॉफी. या सगळ्यांत टाच वर उचललेली दिसू शकते. उपाय मात्र एक नाही.

मग सगळीकडे "नस सैल करा" हेच पहिलं का सुचतं? माझ्या मते त्याचं कारण पोलिओ आहे. आपल्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या बायांना आठवत असेल, प्रत्येक गावात लोखंडी कॅलिपर लावून चालणारं कुणीतरी असायचंच. पोलिओचा विषाणू कण्यातल्या पेशी मारतो आणि निघून जातो. नुकसान एकदाच होतं, पुढे वाढत नाही. जे स्नायू उरले ते एका बाजूला ओढत राहतात, सांधा वाकडा होतो. अशा पायाची आखडलेली दोरी सैल केली, कॅलिपर चढवला, की सरपटणारं मूल उभं राहायचं. त्या ऑपरेशनांनी हजारो माणसं उभी केली, त्याबद्दल आदरच आहे.

मुंबईत या कामाची सुरुवातही एका आईने केली. फातिमा इस्माईल यांच्या छोट्या मुलीला पोलिओ झाला. उपचारांसाठी त्या तिला घेऊन मद्रासपर्यंत गेल्या, तिला चालतं केलं, आणि इतर मुलांना हे कुठे मिळणार म्हणून १९४७ साली मुंबईत पोलिओच्या मुलांसाठी दवाखाना सुरू केला. हाजीअलीचं मुलांचं अस्थिरोग रुग्णालय त्यातूनच उभं राहिलं. १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता पोलिओ गेला. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. रोग गेला तरी त्याची सवय राहिली. लंगडणारं मूल दिसलं की आजही आजी म्हणते, "पोलिओ असेल." वर उचललेली टाच दिसली की हात सुरीकडे जातो.

म्हणून ताईंना माझा पहिला प्रश्न होता, "हा आधी टाच टेकवायचा का?" त्या म्हणाल्या, हो, चार वर्षांचा होईपर्यंत नीट टेकवायचा. चालायला जरा उशीर झाला, दीड वर्षाचा झाल्यावर लागला, पण टेकवायचा. दुसरा प्रश्न, "बाळंतपणात काही अडचण?" काहीच नाही, पूर्ण दिवसांचं, लगेच रडलेलं बाळ. तिसरा प्रश्न जरा वेगळा होता. "त्याला जमिनीवर मांडी घालून बसवा, आणि कशाला न धरता उठ म्हणा. मी फोनवर थांबते."

थोड्या वेळाने ताई म्हणाल्या, "आधी ओणवा होतो, मग हात गुडघ्यावर ठेवतो, मग मांडीवर, असं आपल्याच अंगावर चढत उठतो. त्याची खोडच आहे ती."

मैत्रिणींनो, ती खोड नव्हती. तिथे आपण परत येऊ. आधी जो आजार आपल्याकडे जास्त दिसतो, त्याबद्दल बोलते.

सीपीमध्ये मेंदूला इजा होते ती पोटात असताना, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतर लवकर. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेलं बाळ, उशिरा रडलेलं बाळ, जोराची कावीळ झालेलं बाळ, यांच्यात धोका जास्त. ती इजा वाढत नाही. पण मेंदूचा लगाम सुटल्यामुळे काही स्नायू कायम ताणलेले राहतात. मूल वाढतं, हाड लांब होतं, आणि ताणलेला स्नायू त्या वेगाने वाढत नाही. गेल्या जूनमध्ये शिवलेला गणवेश या जूनमध्ये आखूड होतो ना, तसं. म्हणून तीन वर्षांचा असताना बरा दिसणारा पाय आठव्या वर्षी ओढलेला दिसतो. आई म्हणते, आजार वाढला. आजार तेवढाच असतो, कापड पुरत नाही.

या स्नायूला वाढवायचं तर रोज ताण द्यावा लागतो, तोही हळू आणि बराच वेळ. पाच मिनिटं जोरात ओढून उपयोग नाही. मालिश जरूर करा, मुलाला बरं वाटतं, पण तेलाने स्नायू लांब होत नाही. आणि जोर लावून पाय सरळ करणाऱ्या कुणाच्या हाती मूल देऊ नका. जी मुलं उभीच राहत नाहीत त्यांची हाडं ठिसूळ असतात, मोडतात. त्यापेक्षा उतरत्या फळीवर टाचा टेकवून उभं करा, पाठ भिंतीला, समोर स्टुलावर खेळ. अर्धा तास कसा जातो कळत नाही. बाळांचा गोल चाकांचा वॉकर मात्र नकोच. त्यात मूल चवड्यांनी ढकलायलाच शिकतं.

तेवढ्याने भागलं नाही तर प्लास्टर. याचं पेणच्या बायांना वेगळं सांगायला नको. गणपतीच्या कारखान्यात ज्यांनी हात घातलेत त्यांना ठाऊक आहे, प्लास्टर कालवलं की काही मिनिटांत गरम होतं आणि धरतं, मग साचा जसा तसा आकार. पायाचंही तेच. घोटा जेवढा सहज वर येतो तेवढा धरून प्लास्टर घालायचं. आठवड्या-दोन आठवड्यांनी काढायचं, तोवर स्नायू थोडा लांबलेला असतो, मग आणखी जरा वर धरून दुसरं. असं तीन-चार वेळा. कापाकापी नाही. मूल प्लास्टरसकट उभं राहू शकतं. काही मुलांना आधी पोटरीत बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, ज्याने ताण काही महिने उतरतो. आणि नंतर स्प्लिंट, म्हणजे प्लास्टिकचा पट्टा, तो बुटात जातो.

स्प्लिंटबद्दल एक घरगुती गोष्ट. आपल्या कोकणच्या पावसात तो चार महिने माळ्यावर जातो, हे मी दरवर्षी बघते. दिवाळीला येतात तेव्हा पाय पुन्हा आखडलेला, आणि स्प्लिंट लहान झालेला. दोन जोड सुती मोजे ठेवा, ओले झाले की बदला, संध्याकाळी काढल्यावर कातडी बघा. लाल डाग वीस मिनिटांत गेला तर ठीक, राहिला तर जिथे बनवला तिथे घेऊन जा. ओल्या शहाबादीवर नुसता स्प्लिंट घालून चालवू नका, घसरतं. आणि मूल वाढतं तसा वर्षाच्या आत-बाहेर नवा लागतो, हे आधीच धरून चाला.

मग सीपीमध्ये ऑपरेशन कधीच नाही का? आहे तर. पण घाईने आणि तुकड्यातुकड्याने नको. एका वर्षी टाच, पुढच्या वर्षी गुडघा, त्याच्या पुढच्या वर्षी खुबा, असं मूल दरवर्षी प्लास्टरमध्ये. टोरोंटोचे अस्थिशल्यविशारद मर्सर रँग याला "वाढदिवसाचा आजार" म्हणत, कारण या मुलांचा प्रत्येक वाढदिवस इस्पितळात. आता शक्यतो सहा ते बारा या वयात, चालणं नीट तपासून, दोन्ही पायांचं जे काही करायचं ते एकाच वेळी करतात. त्यानंतर पूर्वीसारखं चालायला सहा महिने ते वर्ष लागतं आणि त्या काळात व्यायाम चुकवून चालत नाही. आपल्याकडे कच खातो ते इथेच. ऑपरेशन फुकट होतं, पण त्यानंतरचं वर्ष फुकट होत नाही. लावणीला, झोडणीला, कारखान्याच्या पाळीला जायचं सोडून कुणीतरी मुलाजवळ राहावं लागतं. "ऑपरेशन कधी?" याच्याबरोबर "नंतर व्यायाम कुठे आणि कोण करून घेणार?" हे विचारल्याशिवाय कागदावर सही करू नका.

लहान वयात दोन्ही पायांच्या टाचेची दोरी जास्त सैल झाली तर दुसरंच संकट उभं राहतं. टाच टेकते, घरचे खूश होतात, आणि दोन-चार वर्षांत मूल गुडघ्यात वाकून चालायला लागतं. पोटरीत जोर उरत नाही, गुडघा सरळ ठेवायला कुणी नाही. वाकून चालणं चवड्यांवर चालण्यापेक्षा जास्त दमवतं, आणि ते दुरुस्त करणं फार अवघड. टाच थोडी वर राहिलेली परवडते.

चालेल का, हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. सीपीच्या बाबतीत एक ढोबळ खूण आहे. दोन वर्षांच्या आत आधाराशिवाय बसलेली बहुतेक मुलं पुढे काही ना काही प्रकारे चालतात. चार वर्षांनंतरही बसता येत नसेल तर पायांवर हिंडणं कठीण. अशा वेळी पायाच्या मागे लागून खुबा विसरू नका. सीपीच्या साधारण तीनांतल्या एका मुलाचा खुबा हळूहळू खोबणीतून सरकतो, न चालणाऱ्यांत तर जास्तच. सुरुवातीला दुखत नाही, दिसत नाही. लंगोट बदलताना मांड्या फाकत नाहीत एवढंच कळतं. ठरावीक काळाने खुब्याचा एक्स-रे काढला तर वेळेत सापडतं. उशीर झाला की मूल बसूही शकत नाही, रात्रभर रडतं.

आता ताईंच्या मुलाकडे येते.

स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत उठणं, चार वर्षांपर्यंत बरं असलेलं चालणं नंतर बिघडणं, पोटऱ्या गुबगुबीत दिसणं, जिना चढताना कठड्याला लोंबकळणं, हे सगळं मुलग्यात एकत्र दिसलं की डूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीची शंका घ्यायची. डीएमडी म्हणतात. यात स्नायूला टिकवून धरणारं एक प्रथिन शरीरात बनतच नाही. प्रत्येक हालचालीबरोबर स्नायू थोडा थोडा तुटतो आणि त्याच्या जागी चरबी भरते. म्हणून पोटरी भरदार दिसते. आजी कौतुकाने म्हणते, पाय कसे पैलवानासारखे आहेत.

या मुलाची टाच वर का जाते, ते नीट ऐका. त्याची मांडी आणि कंबर आधी दुबळी होते. गुडघा कधीही मोडेल अशी अवस्था. मग तो पोट पुढे काढतो, चवड्यांवर येतो, अंगाचा भार गुडघ्याच्या पुढे टाकतो आणि गुडघा मागे रेटून कुलूप लावल्यासारखा धरतो. ही त्याची युक्ती आहे, त्याला कुणी शिकवलेली नाही. डोलकाठीला ताणलेल्या दोरांसारखं आहे हे. एक दोर आखडलेला दिसला म्हणून सैल केला तर काठी आडवी होईल. टाच खाली आणली तर काही मुलांचा गुडघा उभं राहतानाच दुमडतो. त्यातून ऑपरेशननंतर तीन-चार आठवडे अंथरुणात गेले, तर तेवढ्यात गेलेली ताकद परत येत नाही. चालत आत गेलेलं मूल उचलून बाहेर आणावं लागतं. मोठ्या मुलांत काही ठिकाणी विचारपूर्वक अशी ऑपरेशनं करतात, पण लगेच हलक्या पट्ट्यात उभं करायची तयारी ठेवूनच. याच मुलाचा पाय कधी मोडला तरीही हेच, लवकरात लवकर उभं करायचं.

भूल देण्याचाही धोका आहे. भुलीची काही नेहमीची औषधं या मुलांना जिवावर बेततात. साधं दाताचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन असलं तरी भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजाराचं नाव आधी सांगायलाच हवं. आणि आजार ओळखलेलाच नसेल तर सांगणार काय?

ओळखायला पहिली तपासणी साधी आहे. सीपीके नावाची रक्ततपासणी, तालुक्याच्या लॅबमध्येही होते. एरवी शेकड्यांत असणारा आकडा या मुलांत हजारोंत जातो. पुढे जनुकाची तपासणी करून नक्की करतात. एक गंमत म्हणा की दुर्दैव, या मुलांचे एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले येतात म्हणून काही जणांना महिनोन्महिने लिव्हरचं औषध चालू असतं. ते आकडे स्नायूतूनही येतात.

हा आजार आज मुळापासून बरा होत नाही. पण हातावर हात ठेवून बसायचीही गरज नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेळेवर स्टेरॉइड सुरू केलं तर चालण्याची दोन-तीन वर्षं वाढतात. एरवी बाराव्या वर्षाच्या आसपास किंवा त्याआधी चालणं थांबतं. स्टेरॉइडने भूक वाढते, वजन वाढतं, हाडं नाजूक होतात, तेव्हा खाण्यावर लक्ष हवं. आणि गोळी संपली म्हणून एकदम बंद करायची नाही, ते धोक्याचं आहे. रात्री झोपताना स्प्लिंट, दिवसा बेताचा खेळ, पोहणं उत्तम. दमवणारा व्यायाम, जिने, उठाबशा नकोत. शाळेत बाईंना सांगा, उठाबशांची शिक्षा या मुलाला देऊ नका. वर्षातून एकदा हृदय आणि श्वासाची तपासणी.

खुर्चीबद्दलही बोलायला हवं, कारण घरात त्यावरून भांडणं होतात. माझ्याकडे येणारा एक मुलगा घरात चालतो आणि शाळेत चाकाच्या खुर्चीतून जातो. चालत गेला की पोचेपर्यंत इतका दमायचा की पेन्सिल धरवत नसे. आजोबांना खुर्ची बघवत नव्हती. पहिल्या परीक्षेचे गुण आले तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण खुर्चीच्या चाकांना तेल घालायला लागले.

आणि सासवांना हात जोडून एक सांगायचं आहे. डीएमडीचा दोष आईच्या बाजूने येऊ शकतो, हे खरं. पण साधारण तीनांतल्या एका मुलात तो नव्यानेच झालेला असतो, आईत नसतोच. आणि असला तरी तो तिने निवडलेला नाही, ग्रहणात सुरी धरली म्हणून आलेला नाही. तपासणी करायची ती पुढच्या बाळंतपणाच्या आधी कळावं म्हणून, आणि मावश्यांना सावध करता यावं म्हणून. सुनेला घराबाहेर काढायला नव्हे. दोष वाहणाऱ्या आईने स्वतःचं हृदयही तपासून घ्यावं, ते सहसा कुणी सांगत नाही.

आता जायचं कुठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाडी आणि शाळांत तपासणीला येतात. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, आणि "ठीक आहे" म्हणून सोडून देऊ नका, त्याला जमिनीवरून उठून दाखवायला लावा. आशाताईंना चिठ्ठी मागा, अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातून पुढे पाठवतात. मुंबईत परळला वाडिया आणि केईएम आहेत. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात केईएमला उत्कृष्टता केंद्र केलेलं आहे. हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, तिथे स्प्लिंट, कॅलिपर बनतात. रोहा-दिवा गाडीने पनवेलला उतरायचं आणि लोकल धरायची, सगळा दिवस जातो, डबा बरोबर घ्या. रोजच्या आधारासाठी पेणमध्येच सुहित जीवन ट्रस्ट आणि आई डे केअर या विशेष मुलांच्या संस्था आहेत. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सीपी आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी दोन्ही नावानिशी आहेत, तेव्हा यूडीआयडी कार्ड काढून ठेवा. सीपीच्या मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय ही एक लाखापर्यंतची विमा योजनाही आहे.

प्रत्येक चवड्यांवर चालणाऱ्या मुलाला असं काही असतं, असं समजून घाबरू नका. दोन-अडीच वर्षांपर्यंत पुष्कळ मुलं तशी चालतात आणि आपोआप सुटतं. तीन वर्षांनंतरही तसंच चालू असेल, एकाच पायाने असेल, किंवा आधी बरं असून नंतर सुरू झालं असेल, तर दाखवायचं.

त्या ताई गुरुवारी शिबिराला गेल्या नाहीत. त्याआधीच, मंगळवारी त्यांनी रक्त तपासायला दिलं आणि संध्याकाळी मला आकडा वाचून दाखवला. पाच अंकी होता. फोनवर बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे टाच तशीच ठेवायची?" मी म्हटलं, सध्या तशीच ठेवायची.

लावणी त्यांच्या जावेने सांभाळली. परळच्या पाच फेऱ्या झाल्या. मुलाला औषध सुरू आहे, रात्री स्प्लिंट बांधतो, पहिले दोन आठवडे रडला, आता स्वतःच पट्टे ओढतो. शाळेने तिसरीचा वर्ग खाली घेतला. टाच अजून टेकत नाही. काल ताईंनी निरोप पाठवला, गणपतीला मखरापर्यंत चालत गेला आणि आरती संपेपर्यंत उभा होता.